शिराजची काडी

माझ्या परसात, गोठ्यामागे, एक द्राक्षाची वेल आहे. कोणी विचारलं तर मी ती नाशकाहून आणली असं सांगतो. ते खोटं आहे. ती इराणातल्या शिराज शहराकडची आहे आणि ती माझी नाही. ज्यांची होती ते वकील आता वारले. ज्याने मला ती चोरताना ओळखलं तोही गेला. म्हणून आता लिहितो आहे. हे दोघे असताना लिहिलं असतं तर त्याला काही किंमत असती, हे मला कळतं.

आमचा धंदा आंब्याची कलमं बांधण्याचा. वडील करत होते, त्यांच्या हाताखाली मी शिकलो. कोयीपासून वाढवलेलं रोप कुंडीत घ्यायचं, चांगल्या हापूसच्या झाडाला माच बांधून ती कुंडी फांदीपर्यंत वर चढवायची, रोपाची आणि फांदीची साल समोरासमोर तासून दोघांची गाठ घालायची, वरून केळीचा सोप, म्हणजे खोडाची वाळकी साल, गुंडाळायचा, शेणमाती लिंपायची. तीन महिन्यांनी सांधा जुळला की फांदी आईपासून तोडायची. मग खाली रायवळाची, म्हणजे साध्या कोयीच्या आंब्याची, मुळं आणि वर हापूस असं एक झाड तयार होतं. पण ते हापूस आहे की नाही हे घेणाऱ्याला पाहून कळत नाही. पानं सारखीच. पाचसहा वर्षांनी फळ लागतं तेव्हा कळतं. तोवर सगळा कारभार बांधणाऱ्याच्या शब्दावर चालतो.

यात एक धोका असतो. लावल्यानंतर वरची फांदी काही कारणाने मेली, तर सांध्याच्या खालून रायवळाची फूट येते. ती लगेच खुडावी लागते. नाही खुडली तर तीच वाढते, झाड हिरवंगार दिसतं, आणि सहा वर्षांनी आंबट, धाग्याचे आंबे लागतात.

वकिलांच्या बागेसाठी वडिलांनी बावीस कलमं दिली होती. पहिलं महायुद्ध सुरू झालं त्या सुमाराची गोष्ट. युद्ध संपून तीनेक वर्षं झाली तेव्हा त्यांना भरपूर फळ आलं. त्यातली सात झाडं रायवळ निघाली.

वकिलांनी आम्हाला बोलावणं पाठवलं. मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो, लग्न झालं होतं, वडिलांच्या बरोबरीने काम करत होतो. भर मे महिन्यातली दुपार होती. ओटीवर चारसहा प्रतिष्ठित मंडळी बसली होती, त्यांच्यासमोर पिकल्या हापूसचं ताट. वकिलांचा गडी एक टोपली धरून खांबापाशी उभा होता. हा गडी आत घाटाच्या बाजूच्या गावचा, बागेचं सगळं पाहायचा.

"या कलमवाले," वकील म्हणाले. "आमच्या पाहुण्यांना तुमचा हापूस दाखवायचा आहे. पण आधी तुम्ही चाखून सांगा. टोपली पुढे कर रे."

गड्याने टोपली पुढे केली. त्यात सात आंबे होते, सात झाडांचे. वडिलांनी एकदा वास घेतला आणि त्यांना सगळं समजलं.

"साहेब, एकदा झाडं बघू द्या. सांधा बघितला की सांगतो काय झालं ते."

"झाडं मी सहा वर्षं बघतोच आहे. तुम्ही फळ बघा. चाखा."

"साहेब..."

"चाखा हो. लाजता काय? तुमच्याच हातचं आहे."

वडील ओटीच्या पायरीवर उकिडवे बसले आणि आंबे खाऊ लागले. एक संपला की वकील म्हणत, "दुसरा." पाहुण्यांतला एक जण म्हणाला, "अहो पुरे, पोट बिघडेल त्यांचं." वकील म्हणाले, "छे, हापूस आहे तो! हापूसने पोट बिघडतं होय?" मंडळी हसली. वडिलांच्या हनुवटीवरून रस ओघळत होता, तो त्यांनी पुसला नाही. सातवा आंबा संपल्यावर त्यांनी कोयी गोळा करून धोतराच्या सोग्यात बांधल्या आणि आम्ही निघालो. मी एक शब्द बोललो नाही. बावीस वर्षांचा घोडा, बापाशेजारी उभा होतो.

त्यानंतर गावात त्यांना 'रायवळवाले' म्हणू लागले. रत्नागिरीत मिरकरवाड्याच्या बंदरावर कोणी तरी हाक मारायचं, "काय रायवळवाले, आज हापूस की कोय?" वडिलांनी कलमाचा चाकू आढ्याला खोचून ठेवला, तो पुन्हा काढला नाही. तीन वर्षांनी तापाने गेले. ताप वकिलांनी आणला नव्हता, पण मी तो त्यांच्याच नावावर लावला. चितेजवळ मी काही शपथ वगैरे घेतली नाही. मला फक्त एक हवं होतं. त्याच ओटीवर, तशाच मंडळींसमोर, वकिलांनी आपल्या हातचं आंबट फळ खावं आणि ते गिळावं. रोज कामावर जाताना मी ते मनात रंगवायचो. त्यांच्या हनुवटीवरचा रससुद्धा.

चाकू आढ्यावरून मी काढला. मिरजोळ्याच्या बाजूला एका बागायतदाराच्या चांगल्या झाडावर कलमं बांधू लागलो. प्रत्येक कलमाबरोबर घेणाऱ्याला खालची फूट खुडायला तीनतीनदा सांगायचो. हळूहळू नाव झालं. आणि ओटीवरच्या त्या दुपारनंतर आठ वर्षांनी वकिलांचं पुन्हा बोलावणं आलं.

तोच खांब, तीच पायरी. वकिलांचे केस पांढरे झाले होते. त्यांना परदेशी झाडांचा नाद लागला होता. इंग्रज न्यायाधीशाच्या बंगल्यावर एकदा त्यांनी तांबडी दारू चाखली होती. चारचौघांत ते तिला 'आसव' म्हणत. ज्या द्राक्षाची ती होती त्याचं नाव शिराज. मग इराणी आखातातून खजूर घेऊन बगले, म्हणजे अरबी गलबतं, येत, त्यातल्या एका नाखव्याला त्यांनी वर्षभर गळ घातली, आणि तो खरोखर ओल्या गोणपाटात गुंडाळून तीन काड्या घेऊन आला.

"शिराज!" वकील काड्या हातावर तोलत म्हणाले. "अख्ख्या शहराचं नाव आहे बरं का या द्राक्षाला. पुण्यात नाही, मुंबईत नाही. रत्नागिरीत होणार. याला मुळं फोडून दे. तुझा हात चांगला आहे म्हणतात."

मी काड्या घेतल्या. ते माझ्याकडे पाहत राहिले.

"तुझे वडीलही हेच करायचे, नाही का? आहेत का अजून?"

मी म्हटलं, "नाहीत."

"अरेरे," ते म्हणाले, आणि चहा आणायला सांगितला.

त्यांना आठवतच नव्हतं. आठ वर्षं मी ज्या दुपारवर जगलो ती त्यांच्या डोक्यातून जेवणानंतरच्या झोपेइतकी सहज निघून गेली होती. विसरले नसते, थोडे जरी ओशाळले असते, तर मी पुढचं केलं नसतं असं मला वाटतं. कदाचित केलंही असतं.

दोन काड्या सुकल्या. तिसरीला माझ्या सावलीतल्या कुंडीत मुळं फुटली आणि चैत्रात दोन कोवळी पानं आली. मी ती परसात गोठ्यामागे लावली. मग पावसाच्या सुरुवातीला मिरजोळ्याच्या सड्यावर, उघड्या कातळपठारावर, गेलो. तिथे झुडपांतून एक रानवेल वर येते. पानं मोठी, थेट द्राक्षासारखी. फळांचे घडही तसेच, पिकले की काळे होतात. पण तोंडात घातलं की आंबट जाळ, आणि मागून घशाला खाज. गुराखीसुद्धा खात नाहीत. कातळाच्या भेगेतून तिचा कंद मी उकरून काढला, कुंडीत लावला आणि श्रावणात वकिलांच्या हवाली केला.

"पानं बघा, पानं!" वकील घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवत होते. विहिरीजवळ तिच्यासाठी मांडव घातला. पाणी घालायचं काम त्याच म्हाताऱ्या गड्याला दिलं. मी त्याला समजावून सांगितलं, "हिवाळ्यात ही वेल वाळल्यासारखी होईल. घाबरायचं नाही, ती झोपलेली असते. मुळाशी पाणी घालत राहायचं."

त्याने पानाची कड बोटांत धरून पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. "बरं," म्हणाला.

तीन वर्षं तो रोज विहिरीचं पाणी तिच्या मुळाशी घालत होता. तिसऱ्या वर्षी भाद्रपदात मांडवाखाली घड लोंबू लागले. वकिलांनी कोणालाही हात लावू दिला नाही. आमच्याकडे नव्या झाडाचं पहिलं फळ देवाला दाखवल्याशिवाय कोणी चाखत नाही. मी याच रिवाजावर सगळा डाव लावला होता. दसऱ्याला सोनं द्यायला मंडळी येतात, तेव्हा नैवेद्य दाखवून सगळ्यांना प्रसाद द्यायचा असं ठरलं. मलाही आमंत्रण होतं. "तुझाच हात आहे त्यात," वकील म्हणाले. हे वाक्य ऐकून मी घरी जाऊन एकटा हसलो होतो.

दसऱ्याच्या दुपारी ओटी भरली. मामलेदार होते, डॉक्टर होते, नाशकाकडून नुकतेच बदलून आलेले हेडमास्तर होते. आतून घंटा वाजली. मग वकील स्वतः चांदीच्या तबकात काळे घड घेऊन बाहेर आले.

"शिराज," ते म्हणाले. "आधी देवाला दिलं, आता तुम्हाला. दोन वर्षांत आसवही पाजीन."

"आसव म्हणजे काय ते आम्हाला कळतं बरं का," डॉक्टर म्हणाले. मंडळी हसली.

प्रत्येकाने उजव्या हातावर प्रसाद घेतला, कपाळाला लावला आणि तोंडात टाकला.

ते दृश्य मी आजही हवं तेव्हा डोळ्यांसमोर आणू शकतो.  आधी मामलेदारांचा एक डोळा मिटला. डॉक्टरांनी गालात काहीतरी इकडून तिकडे फिरवलं. कोणालाही थुंकता येईना, प्रसाद होता. सगळी ओटी तोंडं घट्ट मिटून, डोळ्यांत पाणी आणून बसली होती. आणि मधोमध वकील, तबक हातात घेऊन, जबडा थरथरतोय, गिळू की नको अशा अवस्थेत. शेवटी गिळलं. त्यांचा कंठमणी वरखाली होताना मी मोजून पाहिला. मीही दोन मणी तोंडात टाकले होते. ते मला गोड लागले असं लिहिलं तर कोणाला पटणार नाही, पण गिळताना मला मुळीच त्रास झाला नाही.

हेडमास्तरांनी घसा खाकरला. "वकीलसाहेब, रागावू नका. पण मी नाशकाकडचा. हे द्राक्ष नव्हे."

"मग काय आहे?"

"ते काय ठाऊक! पण द्राक्ष नक्की नव्हे."

घसे खाकरण्याचा आवाज सगळीकडून येऊ लागला. कोणी तरी पाणी मागितलं. वकील माझ्याकडे वळले. "काय रे? काय दिलंस तू मला?"

याचं उत्तर माझ्याकडे अकरा वर्षं तयार होतं. वडिलांना जे बोलू दिलं नव्हतं तेच मला त्या ओटीवर बोलायचं होतं, म्हणजे वकिलांना ते आंबे आठवतील आणि त्यांचं तोंड आणखी आंबट होईल.

मी शांतपणे म्हणालो, "साहेब, काडी तुमची होती. ती जगावी म्हणून मी रानमुळावर बांधून दिली. वरचा शेंडा मेला आणि खालून रानाची फूट आली तर बघणाऱ्यानं ती वेळेवर खुडायला हवी. आंब्यालाही असंच होतं. आठवतं का?"

त्यांना आठवलं नाही. माझ्या वाक्यातला शेवटचा भाग त्यांच्या कानापर्यंत पोचलाच नाही. त्यांना फक्त 'बघणारा' ऐकू आला. ते फिरले आणि खांबापाशी उभ्या असलेल्या म्हाताऱ्याकडे पाहू लागले.

"तीन वर्षं तू पाणी घालत होतास ना रे? डोळे कुठे होते तुझे?"

म्हाताऱ्याने एकदा वेलीच्या मांडवाकडे पाहिलं.

"इकडे ये. बस. तू वाढवलंस, तूच खा."

तबकात पाचसहा घड उरले होते. म्हातारा त्याच पायरीवर उकिडवा बसला आणि खाऊ लागला. डॉक्टर म्हणाले, "अहो, घसा सुजेल त्याचा." वकील म्हणाले, "सुजू दे. रान आणि बाग यांतला फरक तरी कळेल." या वेळी फारसं कोणी हसलं नाही. म्हातारा एकेक मणी तोंडात टाकत होता. काळा रस त्याच्या हनुवटीवरून ओघळत होता, आणि त्याने तो पुसला नाही.

माझ्या तोंडाशी आलं होतं की, साहेब, थांबा. मी बोललो नाही. मी हातातली आपट्याची पानं चुरगळत उभा राहिलो आणि मग इतरांबरोबर निरोप घेऊन निघून आलो. वाटेत मी स्वतःला सांगत होतो की वकिलांनी गिळलं, मी ते डोळ्यांनी पाहिलं, काम झालं.

चारपाच दिवसांनी सकाळी म्हातारा माझ्या परसात आला. त्याचा आवाज बसला होता. गोठ्यापाशी उभा राहून तो माझ्या वेलीकडे पाहत होता. तिला नुकते कोवळे कोंब फुटले होते.

"ही ती खरी?" त्याने विचारलं.

मी हातातल्या चाकूने काडी तासत राहिलो.

"मना म्हाईत व्हता. ती रानवेल हाय, पयल्या पानालाच वळखलं मी. आमच्या गावात शेरडंसुद्धा तोंड लावत न्हाईत तिला."

"मग तीन वर्षं पाणी का घातलंस?"

तो कट्ट्यावर टेकला. बराच वेळ घसा साफ करत राहिला.

"तुज्या बापसाची कलमं चांगली व्हती, बाळा. लावली त्याच्या दुसऱ्या वर्साला माजी शेरडं सुटली. सात कलमांचं शेंडे खाल्लं. मागनं खालनं फूट आली. मी ती खुडली न्हाय. हिरवं दिसलं म्हंजे साहेब इचारायचा न्हाय, असं वाटलं. मग त्या दिवशी तुज्या बापसाला आंबे चारले. टोपली मीच धरून व्हतो."

 हातातला चाकू मी खाली ठेवला, कारण तो हातात असणं मला बरं वाटेना.

"तुजा हात बघितला आनि समजलो, पोर फेड करायला आलाय. म्हटलं करू दे. माज्याकडनं येवढं तरी होऊ दे." मग तो जरासा हसला. "माजी पन झाली की. घसा अजून जळतोय."

"दसऱ्याला बोलला का नाहीस?"

"काय बोलू? तुजं नाव घेऊ?" तो उठला. "आता बोलतो. आज जातो साहेबाकडं आनि कलमांचं खरं काय तं सांगतो. तुज्या बापसाचा दोस न्हवता. मना काय, फार तर काढून टाकंल. गावाला जाईन. तेवढ्यासाठीच आलो, तुला आदी सांगावं म्हणून."

हेच मला अकरा वर्षं हवं होतं. वकिलांचं तोंड आंबट व्हावं हे तर मी मागून ठरवलं. पहिल्यांदा, त्या दुपारी ओटीवरून उतरताना, मला एवढंच हवं होतं की कोणी तरी म्हणावं, यांची कलमं चांगली होती. ते म्हणणारा माणूस माझ्या दारात उभा होता, स्वतःच्या पायांनी आला होता.

पण शेळ्यांनी शेंडे खाल्ले हे कळल्यावर वकील पुढचं विचारतील. मग या वेलीचं काय झालं? तिचाही शेंडा तू खाऊ दिलास का? म्हातारा खोटं बोलणारा नव्हता, आणि वकील नावाजलेले वकील होते. दोन प्रश्नांत सगळं बाहेर आलं असतं. मग माझ्या कलमांवर कोणी विश्वास ठेवला असता? ज्याने द्राक्ष सांगून रानवेल दिली तो हापूस सांगून काय देत नसेल?

मी म्हटलं, "नको."

"का रं?"

"राहू दे आता. जुनं झालं."

"बापसाचं नाव..."

"म्हटलं ना, नको."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग वेलीकडे पाहिलं. त्याला समजायला वेळ लागला नाही. "बरं," म्हणाला. तीन वर्षांपूर्वी पानाची कड धरून म्हणाला होता, अगदी तसंच. तो गेला तेव्हा मी त्याला साधं पाणीही विचारलं नव्हतं.

पुढच्या पावसाळ्यानंतर तो गावाला गेला आणि तिकडेच वारला. वकिलांनी मांडवावर दुसरी कसली तरी फुलांची वेल चढवली. दसऱ्याची गोष्ट ते स्वतःच हसून सांगत, "आमची शिराज!" म्हणून. ती त्यांना कुठे लागलीच नाही. बंदरावरचे जुने लोक आहेत तोवर माझे वडील 'रायवळवाले'च राहणार. माझी कलमं मात्र चालतात. लोक पावसाआधी लांबून येतात. खालची फूट खुडा, हे मी अजून तीनतीनदा सांगतो आणि ते हसतात.

वेल जगली आहे. आमच्या हवेत तिला फार घड येत नाहीत. एखाद्या वर्षी मूठभर मणी येतात, लहान, काळे, गोड. मी ते देवाला दाखवले नाहीत आणि खाल्लेही नाहीत. बुलबुल खातात. तोडून टाकावी म्हणून दोनदा कोयती घेऊन गेलो होतो.

माझ्या वडिलांनी वकिलांना बावीस कलमं दिली होती आणि बावीसच्या बावीस हापूस होती. हे एक वाक्य मी त्या सकाळी बोलू दिलं नाही. आणि एवढं सगळं कबूल करूनही, तबक हातात घेऊन प्रसाद गिळणारे वकील आठवले की मला अजून बरं वाटतं. त्यांच्यामागे खांबापाशी कोण उभं होतं ते आठवेपर्यंत.